डोळे मिटलेली ग्रामसभा

सरपंच सुकेशनीने टेबलावर थाप मारली आणि स्मशानाच्या रस्त्याचा ठराव मंजूर झाला. म्हणजे झालाच नाही. झालाच नाही असं गावाने ठरवलंय, तर आपणही तसंच धरून चालू.

थाप मारण्याआधी ती बराच वेळ पदराला तळहात पुसत होती. वस्तीवरून स्मशानाकडे जाणारा रस्ता माणिकरावांनी नांगरून आपल्या कापसात घेतला होता. घरी तिची सासू अंथरुणाला खिळलेली. सकाळीच म्हणाली होती, "मला लोकाच्या बांधावरून चोरावानी नेऊ नका गं."

माणिकराव पहिल्या खुर्चीत बसून कोण कोण आलंय ते बघत होते. गेल्या सभेत परमेश्वरने याच रस्त्यासाठी हात वर केला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कडब्याची गंजी आपोआप पेटली. तेव्हापासून गाव फार समजूतदार झालं होतं.

"करा की हात वर," माणिकराव हसले. "मी कुणाला अडवायलोय?"

एकही हात हलला नाही.

"सगळ्यांनी डोळे मिटा," सुकेशनी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "माणिकराव अण्णा, तुमी बी. ग्रामसेवक तेवढे हात मोजतील."

गाव हसलं. मग मिटले सगळ्यांनी. तिनेही.

आधी कुणीतरी खोकलं. मग बांगड्या वाजल्या, एकाच हाताच्या. थोड्या वेळाने पुष्कळ. तिला गंजीचा जळका वास आला. वारा तर पडलेला होता.

"बालाजीभाऊ, किती?"

तिने डोळे उघडले. ग्रामसेवक बालाजी दोन्ही हातांनी डोळे गच्च दाबून बसला होता.

"ताई, मला बी घर हाय," तो पुटपुटला.

"एक बी हात नव्हता," माणिकराव म्हणाले.

"तुमाला कसं दिसलं, अण्णा?"

माणिकराव मागे बायकांकडे बघत होते. तिथे त्यांची बायको नर्मदाबाई कोपराकडे घसरलेल्या बांगड्या एकेक करून मनगटावर आणत होती. तिला काही घाई नव्हती. माणिकराव रुमाल शोधू लागले. त्यांना खिसाच सापडेना.

तेव्हा सुकेशनीने थाप मारली.

"मंजूर!"

बालाजीने लिहिलं: मोजणी न झाल्याने ठराव तहकूब.

संध्याकाळी तिने गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला: 'सदर मतदानाचे एकमेव प्रत्यक्षदर्शी श्री. माणिकराव यांनी जे पाहिले ते खरे सांगावे, असे आदेश व्हावेत. तोपर्यंत अर्जदाराच्या सासूबाईंना मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.'