कडुनिंबाखालचा पंप

मित्रांनो, मी सायकलीत हवा भरणारा एक जुना पंप आहे. माझे पितळ काळवंडले आहे, लाकडी मूठ झिजली आहे. पण माझी तक्रार नाही. मला माणसे फार चांगली लाभली.

बहात्तरच्या दुष्काळात पुंजाजीची शेतमजुरी गेली. तेव्हा अकोल्याच्या दुकानातून त्याने मला आणले आणि शेलूबाजारला हमरस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली पंक्चर काढायला बसला. गाळा घ्यायची ऐपत नव्हती. परवान्यासाठी मंगरूळपीरला तालुका कचेरीत खेटे घालावेत, तर तोवर घरची चूल विझायची. म्हणून पाटी नाही, पावती नाही. नुसते पाण्याचे घमेले, चार पान्हे आणि मी. शेजारी तांड्यावरची हिरीबाई भाजी विकायची. बाजाराच्या दिवशी पक्क्या दुकानांपेक्षा असे झाडाखालचे धंदेच जास्त असत. नेपाळपर्यंत ट्रक नेणारा एक ड्रायव्हर सांगायचा, की तिकडेही रस्तोरस्ती असेच लोक बसतात. नोकरी मिळत नाही, मग पोटासाठी माणूस दुसरे काय करील?

एकदा भर बाजारात रस्ता मोकळा करायला सरकारी गाडी आली. पुंजाजी विहिरीवर पाणी आणायला गेला होता. गाडीतून उतरलेली माणसे दिसेल ते सामान उचलून आत टाकू लागली. हिरीबाईने स्वतःचा तराजू तसाच सोडला, मला उचलले आणि टोपलीत आडवे ठेवून वर मेथीच्या जुड्या रचल्या. एका शिपायाने हटकले. तिने वरची जुडी दाखवली आणि टोपली डोक्यावर घेऊन सावकाश चालू लागली. मेथीखाली मला तिचे धापा टाकणे ऐकू येत होते.

पुंजाजी परतला तो मोकळी जागा पाहून इकडेतिकडे शोधू लागला. गाडी गेल्यावर हिरीबाईने मला त्याच्या हातात ठेवले.

"बाई, तुमी सोताचा तराजू काहून नाई उचलला?"

"मी भाजी वाट्यानं इकीन, भाऊ. हवा वाट्यानं इकता येते काय?"

पुढच्या बाजारापासून तिने जमिनीवर फडके पसरून भाजीचे वाटे लावले. पुंजाजी येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला आधी तिच्याकडे धाडायचा. दोघांचीही घरे तगली.

आता स्टँडजवळ विजेवर हवा भरणारे मशीन आले आहे. मी बहुतेक वेळ खुंटीवरच असतो. तरी पुंजाजी आठवणीने माझ्या चामड्याच्या वॉशरला तेल देतो. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंनाही असे तेलाचे बोट लागू द्या. आणि झाडाखाली बसलेल्या कुणाकडून काम करून घेतलेत, तर निघताना त्याचे नाव तेवढे विचारा.