अब्रेहेतला इंग्रजी येत नाही

"भाषा कमी पडते म्हणाली," अब्रेहेतने सांगितलं. गुनवोर फळ्यावर क्रियापदं लिहीत होती, तिचा हात तिथेच थांबला.

"कोण म्हणाली?"

"हेर्दिस. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली आमची मुख्य. शुक्रवारी माझे उमेदवारीचे तीन महिने संपतात, पुढे येऊ नको म्हणाली."

"कुठल्या भाषेत म्हणाली?"

"इंग्रजीत. मला काही कळलं नाही. मग धोबीखान्यातल्या बाईने अरबीत सांगितलं."

गुनवोरने खडू टेबलावर आपटला. अग्निशमन केंद्राच्या माडीवर ती गेली बावीस वर्षं परमुलखातून आलेल्यांना नॉर्वेजियन शिकवत होती. तेच ते घोकून घ्यायचं: नामाची लिंगं, आणि वाक्यात आधी काहीही येवो, क्रियापदाची जागा दुसरी. अब्रेहेतने ते बसस्टॉपवर ओठ हलवत पाठ केलेलं होतं. घरची भाषा तिग्रिन्या, सुदानातल्या छावणीत शिकलेली अरबी आणि आता ही तिसरी. इंग्रजीशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. तिची मुलगी अजून त्या छावणीत मावशीपाशी होती आणि पक्की नोकरी लागल्याशिवाय तिला इकडे आणता येणार नव्हतं.

"कोट घाल," गुनवोर म्हणाली.

"आणि वर्ग?"

"वर्ग धडा वाचेल. चल."

वृद्धाश्रमात जेवणाची सुट्टी झाली होती. टेबलाभोवती सगळ्यांनी घरून आणलेले पाव बटर पेपरातून सोडले होते. हेर्दिस गुनवोरची शेजारीण. दोघी चर्चच्या गायनात एका रांगेत उभ्या राहायच्या.

"अगं, ये ये! कॉफी घेतेस?"

"खड्ड्यात गेली तुझी कॉफी. हिच्याशी इथे इंग्रजी कोण बोलतं?"

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले.

"सगळेच बोलतो," हेर्दिस म्हणाली. "बिचारीला सोपं जावं म्हणून."

"हिला इंग्रजी येतं का?"

"म्हणजे... बाहेरच्या लोकांना येतंच की थोडंफार."

"येत नाही! एक अक्षर येत नाही! तीन महिने न येणाऱ्या भाषेत हिच्याशी बडबडलात, ही गप्प राहिली, आणि वर म्हणता हिची भाषा कमी पडते?"

"मग हिने सांगायचं ना आम्हाला!"

"सांगितलं," अब्रेहेत मागून म्हणाली. "पहिल्याच दिवशी, नॉर्वेजियनमध्ये सांगितलं. तू म्हणालीस, अरे वा, किती छान बोलतेस! आणि परत इंग्रजी सुरू."

कोपऱ्यातला एक जण फिस्सकन हसला. गुनवोरने असं काही पाहिलं की त्याला ठसकाच लागला. तिला टेबल उलथून टाकावंसं वाटत होतं. यातलं कुणी दुष्ट असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ही सगळी मायाळू माणसं. वाढदिवसाला केक करणारी, दारातला बर्फ शेजाऱ्याचाही उपसणारी. त्यांनी मायेनेच या बाईचं वाटोळं केलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता.

हेर्दिसचे डोळे भरून आले. ती उठली, अब्रेहेतचे दोन्ही हात हातात घेतले आणि कळवळून बरंच काही बोलली.

इंग्रजीत.

गुनवोर ओरडणार होती, पण अब्रेहेतने हात सोडवून घेतला आणि तिला थांबवलं.

"मला समजलं नाही," ती हेर्दिसला म्हणाली. एकेक शब्द सावकाश, स्वच्छ. "नॉर्वेजियनमध्ये सांग."

हेर्दिसने तोंड उघडलं आणि मिटलं. इंग्रजीत सरसर येणारं आपल्या भाषेत काही येईना. तिने एकदा गुनवोरकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"जागा दुसरीला दिली, अब्रेहेत. सोमवारपासून येते ती."

"आता समजलं," अब्रेहेत म्हणाली.

तिने टेबलाची रिकामी खुर्ची ओढली. आजची दुपारची पाळी तिचीच होती आणि सुट्टी अजून संपली नव्हती. पिशवीतून पाव काढून तिने समोर ठेवला. बाकीचे हातातले घास तसेच धरून बसले होते, गुनवोर ओल्या कोटात दारापाशीच उभी होती. अब्रेहेत शेवटच्या तुकड्यापर्यंत शांतपणे जेवली.