देवमाशाबरोबर बुडी मारलेली पखाल

हवा भरली की मी गरगरीत फुगते, हवा सोडली की ओल्या मोज्यासारखी पडते. सीलच्या कातड्याची जुनी पखाल आहे मी, मित्रांनो. पखाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं पाणी येतं. माझ्यात पाणी शिरलं तर माणूस मरायची पाळी. माझ्यात हवा लागते, आणि तीसुद्धा शिकाऱ्याच्या छातीतली.

मूळची मी सील. ग्रीनलंडच्या पार वरच्या टोकाला आमची खाडी, तिथं बर्फावर लोळायची. इनुतेकनं मला मारलं. त्याचा राग नाही, तिकडं सगळे एकमेकांना खाऊनच जगतात. त्याच्या बायकोनं, तुकुम्मेनं, पोट न फाडता तोंडाकडून मला उलटं करत अख्खं सोललं. केस खरवडले. कडा दातांनी चावून चावून मऊ केल्या, पार तिचा जबडा दुखेपर्यंत. तातीच्या, म्हणजे जनावराच्या शिरेच्या, दोऱ्यानं शिवलं. ही तात ओली झाली की फुगते आणि सुईची भोकं आपोआप बुजतात. मानेशी हाडाचं बूच बसवलं. इनुतेकनं पहिल्यांदा फुंकर मारली तेव्हा त्याच्या श्वासाला चहाचा आणि वाळल्या माशाचा वास होता. तोच मी माझा जन्म धरते.

माझं काम ऐकायला सोपं आहे. उन्हाळ्यात खाडीत दातवाले देवमासे येतात. एकच दात, पण भाल्याएवढा लांब आणि पिळाचा. इनुतेक कयाकमधून, एकट्यापुरत्या अरुंद होडीतून, चोरपावलानं वल्हवत जातो आणि भाला मारतो. भाल्याचं पातं दोरीला, दोरीचं दुसरं टोक मला. देवमासा बुडी मारतो, मी त्याच्या मागं ओढली जाते. तो कितीही खाली गेला तरी श्वासाला वर यायलाच लागतो. आधी मी पाण्यावर टुणकन उडते. मग इनुतेकला कळतं की जनावर इथं आहे. मी दिसले नाही, तर जखमी देवमासा कयाकच्या खालूनही वर येऊ शकतो. आणि आमच्या शिकाऱ्यांना पोहता येत नाही. त्या पाण्यात पोहायला शिकून करायचंय काय?

तर इनुतेकचा जीव माझ्या शिवणीवर. ही काळजी मला पहिल्या दिवसापासून. कातडं आहे, कोरडं पडलं की तडकतं. शेगडीपासून लांब टांगायचं, आणि दर आठवड्याला चरबी चोळायची. एवढंच माझं मागणं. पाच-सहा उन्हाळे सगळं नीट चाललं. माझ्या जिवावर अख्ख्या वस्तीनं देवमाशाची चरबीसकट कातडी चावून खाल्ली. पोरं येऊन माझ्या पोटावर बुक्क्या मारायची आणि इनुतेक म्हणायचा, "हळू रे, माझी दुसरी बायको आहे ती!"

मग कौतुक ओसरलं. ओसरतंच. एका हिवाळ्यात त्यानं मला शेगडीच्या वरच्याच खिळ्याला अडकवलं, काढायला-टांगायला सोयीचं म्हणून. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा तुकुम्मेनं विचारलं,

"पखालीला चरबी चोळलीस का?"

"चोळली."

"कधी?"

"अगं, चोळली म्हणतोय ना. आता पावती आणू का सीलची सही घेऊन?"

ती हसली. मी कशी हसणार? माझ्या डाव्या कुशीत, सील असताना पोहायचा पंख होता ते भोक गाठ मारून बुजवलेलं तिथं, केसाएवढा तडा गेला होता. तिला सांगायला माझ्याकडं तोंड होतं, पण त्यात बूच.

दोन दिवसांनी तुकुम्मेचा भाऊ पीताराक धावत आला. "दाजी, चला! खाडी देवमाशांनी भरलीय! तुम्ही अजून चहाच पिताय होय? तुमच्यापेक्षा आमचं म्हातारं कुत्रं लवकर उठतं!"

घाईघाईत इनुतेकनं मला फुंकलं. तड्यातून बारीक सूं आवाज आला. वारा होता, कुत्री भुंकत होती. त्याला ऐकू गेलं नाही. मला मात्र दुसरं काहीच ऐकू येईना.

दोघं दोन कयाकमधून निघाले. तुकुम्मे नेहमीसारखी दुर्बीण घेऊन कड्यावर बसली. मी इनुतेकच्या पाठीमागं आडवी पडून हवा मोजत होते. थोडी गेली. आणखी थोडी. आज नको, आज देवमासा नको मिळू दे, असं मी पहिल्यांदाच मागितलं.

मिळाला. भाला बसला, दोरी सरसर सुटली आणि मला हिसका बसून मी पाण्यात.

मित्रांनो, एवढ्या खोल मी कधी गेले नव्हते. निळं गेलं, काळं आलं. चारी बाजूंनी पाणी दाबायला लागलं, माझी मूठभर गोळी झाली. दोरीतून मला त्या जनावराचं काळीज कळत होतं. जीव खाऊन पळत होतं, तरी ठोके वाढायच्या ऐवजी कमी होत होते. ठक्. बराच वेळ काही नाही. ठक्. श्वास पुरवून पुरवून वापरत होतं बिचारं. फासळ्या मिटत होत्या त्याच्या, माझ्यासारख्याच. पार खाली गेल्यावर ते उताणं होऊन पोहायला लागलं, आणि मी त्याच्यामागं. त्याच्या छातीत त्याची हवा, माझ्या पोटात इनुतेकची. फरक एवढाच की त्याची शिवण धड होती. माझ्यात पाणी झिरपत होतं.

वर काय झालं ते मला नंतर कळलं, घरातल्या भांडणातून.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. इनुतेक वल्हं आडवं धरून पाण्याकडं बघत बसलेला. पखाल कुठंच नाही. खालून काळी सावली सरळ त्याच्याकडं चढत होती, पण बसल्या जागेवरून त्याला ती दिसत नव्हती. कड्यावरून दिसली. तुकुम्मेनं अंगातला लाल कोट काढला आणि वेड्यासारखी हलवत सुटली. पीताराकनं तो पाहिला.

"दाजी, मागं! मागं घ्या! अहो, मागं!"

इनुतेकनं दोन वल्ही मारली असतील-नसतील, तेवढ्यात तो होता तिथंच पाणी फुटलं. दात आधी बाहेर आला, मग डोकं, मग फुस्सकन श्वास. लाटेनं कयाक कलंडली, पण सावरली. झटक्यात पातं निसटलं आणि देवमासा गेला. गेला तो गेलाच.

मी पुष्कळ वेळानं वर आले. पाण्यानं जड, कुशीवर पडलेली, फक्त नाक वर. पीताराकनं मला काठीनं ओढून घेतलं आणि म्हणाला, "ही बघा दाजी, तुमची दुसरी बायको! दारू पिऊन आल्यासारखी दिसतेय." कुणी हसलं नाही.

घरी तुकुम्मेनं मला मांडीवर घेतलं आणि गालाशी धरून बूच काढलं. दोनच घोट हवा निघाली. चहाचा वास होता तिला. तिनं कुशीतला तडा बोटानं चाचपला आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"चोळली होतीस?"

इनुतेकनं मान खाली घातली. "नाही."

"मग चोळली का म्हणालास?"

"तू विचारलंस म्हणून."

त्यावर झालेलं भांडण मी सांगणार नाही. पीताराकसुद्धा चहा टाकून पळाला.

आता माझ्या कुशीवर ठिगळ आहे आणि मी दाराजवळ थंडाव्याला टांगलेली असते. पण काळजी काही गेली नाही. खाडीत देवमासे फुसफुसले की अजून माझी शिवण आखडते.

मित्रांनो, तुमच्याही घरी असेल कुणीतरी मुकं, ज्याच्यावर तुमचा भार आहे. एखादा दोर, शिडी, होडी. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं खोटं बोलू नका. चोळायची राहिली तर राहिली म्हणा. आणि उठून चोळा.

तुकुम्मे आता नवऱ्याला काही विचारत नाही. शिकारीच्या दिवशी तो दाराशी आला की त्याचा हात ओढते, नाकाशी नेते आणि हुंगते. चरबीचा वास आला, तरच वल्हं देते.