मंजुरी येईपर्यंतची शेळी

मित्रांनो, मी एक जुनी शेळी आहे, आणि अमेरिकेच्या सरकारचे अजून काही ठरलेले नाही म्हणून जिवंत आहे. एरवी शेळ्या जुन्या होत नाहीत.

जन्म. तो टेंभुर्णीत, मालनबाईच्या छपरात झाला. आई काळी, मी कबरी. शेळीच्या जन्माबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नसते. पुढे जाते.

कामाची वर्षे. आत्मवृत्तात ती लागतात. माझ्याकडे नाहीत. का, ते ऐका.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षे झाली होती. जालन्याच्या कॉलेजातले भालचंद्र सर गावात आले. पाण्यावाचून शेळी किती दिवस तग धरते, याचा अभ्यास अमेरिकेतले एक प्रोफेसर करणार होते, आणि इकडचे काम सरांकडे होते. सरांनी सगळ्या कळपातून मलाच निवडले. मला अभिमान वाटला. मग सरांनी अभ्यासाची पद्धत सांगितली. मला उन्हात बांधायचे, पाणी दाखवायचे नाही आणि रोज वजन करायचे. अभिमान उतरला.

पण पैसा होता अमेरिकेच्या सरकारचा. तिथला नियम असा, की तो पैसा परदेशातल्या कामाला लावायचा, तर पैसा देणाऱ्या खात्याची आधी लेखी मंजुरी हवी. तोवर मला तोलायचे नाही, तहानलेली ठेवायचे नाही. आणि मालनबाईने मला विकायचे नाही, असे सरांनी तिच्याकडून कबूल करून घेतले. तिचा नवरा अप्पाराव त्याच आठवड्यात मला खाटकाला द्यायला निघाला होता. त्याला छपरावर पत्रे टाकायचे होते.

आता माझी अवस्था बघा. मंजुरी आली तर तहान. नाही आली तर खाटीक. पोस्टमनची सायकल दिसली की माझ्या लेंड्या पडायच्या.

मालनबाईने सरांना एकच विचारले होते. मंजुरी आल्यावर शेळी सरकारची, सांभाळणार मी, म्हणजे अर्धलीनेच ना? आमच्याकडची ती रीत आहे. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, आणि करडे दोघांत अर्धी अर्धी. सर घाईत होते, हो म्हणून गेले. पण माणूस प्रामाणिक. त्यांनी ते अर्जातही लिहिले.

तिथे अमेरिका अडखळली. सरकारच्या वाट्याची करडे कुठे ठेवणार, असे खात्याने विचारले. सरांनी कळवले, तिथेच. मग त्यांना चारा कोण घालणार? बोकड झाला तर त्याचे काय? एका प्रश्नाचे उत्तर पोचून दुसरा येईपर्यंत मी विऊन मोकळी. करडांची संख्या बदलली, की अर्ज नव्याने. त्या काळात अमेरिकेत माझ्याइतकी विचारपूस दुसऱ्या कुणाची झाली नसेल. आयुष्यातले कौतुक म्हणतात ते हेच, असे मी समजते.

उपेक्षा. हा भाग लिहून झाला होता. मग भूक लागली.

एका दुपारी सर मान खाली घालून आले. नामंजूर. प्रोफेसर तोच अभ्यास आता त्यांच्याकडच्या मेंढ्यांवर करणार होते. दुसऱ्या दिवशी बाजार होता. अप्पारावाने सरांसमोरच माझे दावे खुंट्यावरून सोडले.

मालनबाई चुलीपुढून उठली. "आवं, वाटणी झाली का?"

"कशाची?"

"करडाची. मालक आपला वाटा घेऊन जात न्हाई, तवर अर्धलीची शेळी कुणी इकतं का? तुमच्या बापानं इकल्ती का कधी?"

सर मध्ये पडले. "अहो, ते मालक झालेच नाहीत. मंजुरीच आली नाही."

"मंग इतके दिस कुणाच्या जिवावर इकू नका म्हणून राह्यलते, सर?"

सर स्वतःच्या चपला बघू लागले.

"त्यायला लिव्हा," मालनबाई म्हणाली. "म्हणावं, या, तुमचा वाटा निवडा, मंग आमी शेळी इकतो. बिलकुल घाई न्हाई."

"अन् छपराचे पत्रे?" अप्पारावाने विचारले.

"पत्रे कुठं पळून चालले?"

तिने त्याच्या हातातले दावे घेतले आणि मला परत बांधले. बांधून घेताना इतका आनंद झालेली शेळी तुम्ही पाहिली नसेल.

सरांनी लिहिले. अप्पारावाने धुसफुसत कितीतरी बाजार चुकवले. मग उत्तर आले. ज्या जनावरात सरकारचा वाटा असू शकतो, ते विकण्याआधी खात्याची मंजुरी लागते. आपली विनंती विचाराधीन आहे. वाचता वाचता सरांना हसू फुटले. अप्पारावाला फुटले नाही. पण संध्याकाळी त्यानेच माझ्यापुढे बाभळीच्या शेंगा टाकल्या. म्हणाला, "खा बाई. सरकारी जनावर वाळलं तर आमच्यावर यायचं."

आता माझे दात पडलेत, शेंगा मालनबाई ठेचून देते. तेव्हा मित्रांनो, शेवटी एक विनंती. कुणाच्या जिवाचा निर्णय तुमच्या हाती आला, तर नीट विचार करा, चार प्रश्न विचारा, उत्तरे आली की आणखी चार विचारा. आणि अमेरिकेत तुमच्या ओळखीचे कुणी असेल, तर त्यांना एवढेच सांगा, की टेंभुर्णीत सगळे बराबर चालले आहे. उत्तर सावकाश पाठवा.