उन्हात निघालेली बाज

मी एक जुनी बाज आहे. धामणगाव रेल्वे या गावाजवळच्या खेड्यात श्रावण सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि अंबाडीच्या दोरीने विणलं.

मित्रांनो, उन्हाळ्यात घरधनी किसनराव माझ्यावर अंगणात ऐसपैस झोपत. घरात बाई बाळंत झाली की मात्र माझी रवानगी अंधाऱ्या खोलीत होई. सव्वा महिना दार बंद, खिडकीला गोणपाट, खाली शेगडी. "मजबूत बाज" म्हणून गावभर माझं कौतुक, आणि मी फुशारून जाई. मजबूत कशाला म्हणतात ते मला १९६१ साली कळलं.

त्या हिवाळ्यात किसनरावांची सून पंचफुला तिसऱ्यांदा माझ्यावर निजली. सव्वा महिना सरला, पण तिला उठवेना. माझी कड धरून कशीबशी उभी राही आणि बदकासारखी डुलत चाले. बाया म्हणाल्या, बाहेरचं लागलं. सासू भागीरथा लिंबं उतरवून थकली. पंचफुलेला धास्ती एकच, तान्ह्या शालूला कडेवर घेता येईल की नाही?

शेवटी दवाखान्यातल्या नर्स सत्यवतीबाई आल्या. त्यांनी नडगी दाबताच पंचफुला कळवळली.

"मावशी, लेकराचे हाडं हिच्याच हाडातून बनले. अंगावरचं दूधबी तिथूनच. अन् हिले तुमी ना ऊन देता, ना दूध!"

"दूध गडीमाणसाइले लागते, बाई. अन् ओल्या बाळंतिणीले वारा लागला म्हंजे?"

"वारा अडवा. ऊन काहून अडवता?"

मी थक्क झाले. माझ्यासाठी श्रावणने अख्खं झाड तोडलं होतं. या मूठभर बाईने तीन जीव घडवले ते स्वतःच्याच हाडांतून! माझा गर्व तिथेच उतरला.

वाकलेल्या पाठीनेच भागीरथेने माझा पाय धरला. "अजी, तिकून उचला," ती किसनरावांना म्हणाली. "मीबी याच बाजीवर पाचदा निजली."

तेव्हापासून मी रोज उन्हात. दुधाचा पहिला पेला पंचफुलेचा, जोडीला तिळाची चटणी आणि दवाखान्यातलं मासळीचं तेल. उठताना तिचा हात माझ्या कडेवर पडे. होळीच्या सुमारास एका सकाळी मी वाट पाहत राहिले, हात पडलाच नाही. पंचफुला शालूला कडेवर घेऊन विहिरीकडे निघाली होती!

रिकाम्या जागी भागीरथा येऊन बसली. तिची पाठ आता सरळ होणार नव्हती. तिने निघालेल्या सुनेला हाक मारली. "पंचफुले, उरलं असन तं मलेबी घोटभर दूध देजो."

"उरलेलं काहून? तुमचं पहिलेच काढून ठेवलं."

मित्रांनो, माझी दोरी ढिली पडली की तुम्ही लगेच ओढून ताणता. घरातली बाई उठताना कशावर हात टेकते, तेही एकदा बघा.