चाल बिरोबाची, शब्द स्वप्नालीचे

मित्रांनो, मी लासुर्ण्याचा एक जुना ढोल आहे. हळू बोलायची मला सवय नाही, तेव्हा कान सांभाळा. आंब्याच्या बुंध्यातून मला कोरलं, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं ताणून चढवलं आणि तात्याबांच्या गळ्यात अडकवलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. तात्याबांचं धनगरी गजी मंडळ नाचायला उभं राहिलं की पहिला आवाज माझा. झांजा, सनई वगैरे मंडळी नंतर.

मध्ये डीजे आला आणि मी माळ्यावर गेलो. पाच वर्षं रिकाम्या पोत्यांशेजारी काढली. कुणी साधी धूळ झटकली नाही. राग यायचा, खोटं कशाला बोलू? मला खाली उतरवलं ते स्वप्नालीनं. ही तात्याबांचं शेंडेफळ, बारामतीला कॉलेजात शिकते. तिनं जुन्या चालीवर नवी ओवी लिहिली होती आणि साथीला तिला मीच हवा होतो.

ओवी तिच्या आईवर होती. गोजरबाई तरुणपणी मेंढरांमागं गावोगाव फिरल्या. आता घरची उसाची शेती आहे, पण बांधावर बसल्या की त्या अजून मेंढरांना हाक मारतात.

सोळा गावं पायाखाली, थांबली गं गोजर आई,
उसाच्या बांधावरनं मेंढराला हाक देई.

भवानीनगरच्या कार्यक्रमात ही ओवी झाली आणि बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. मीही असा घुमलो की विचारू नका. तिथं एका गाण्यांच्या कंपनीचा रणजित नावाचा माणूस सगळं मोबाईलवर टिपत होता. त्यानं तात्याबांना विचारलं, गाणं कुणाचं? आमच्या मंडळात याचं उत्तर ठरलेलं. तात्याबांनी हात जोडले.

"आमचं कसलं? बिरोबाचं हाय."

मोठेपणा आपल्याकडं घ्यायचा नाही, ही आमची रीत. त्या रीतीपायी त्यांनी लेकीचं नावच घेतलं नाही.

चार महिन्यांनी ती ओवी जिकडंतिकडं वाजू लागली. गळा दुसऱ्याच बाईचा, ढोलही दुसराच. आणि काय तो ढोल! त्यापेक्षा पत्र्याचा डबा बरा. खाली लिहिलं होतं, 'गीत : पारंपरिक'. स्वप्नालीनं कॉलेजच्या स्पर्धेत आपलीच ओवी म्हटली, तर परीक्षक म्हणाले, पुढच्या वेळी स्वतःचं काहीतरी आण. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

मग रणजित घरी आला. चहा प्याला, गोड बोलला आणि एक कागद काढला. गाणं जुनं आहे, त्यावर आमचा काही हक्क नाही, असं त्यात लिहिलेलं. नुसती सही, तात्या, बाकी काही नाही, म्हणाला. मी तात्याबांच्या मांडीवर होतो. टेकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं कागद माझ्याच तोंडावर ठेवला. तात्याबांनी पेन उघडलं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

इतका वेळ थापा रणजित मारत होता. आता एक थाप स्वप्नालीनं मारली, माझ्यावर. मी दणाणलो आणि कागद खाली पडला.

"आबा, सही करू नका. चाल बिरोबाची आसंल, शब्द माझं हायत."

दुसऱ्या दिवशी बापलेक बारामतीला राजलक्ष्मी वकिलांकडं गेले. परत आल्यावर तात्याबांनी सगळं गोजरबाईंना समजावलं, म्हणून मलाही कळलं. जुनी चाल सगळ्यांची, पण नवे शब्द लिहिले त्या दिवसापासून लिहिणाऱ्याचे. नोंदणी केली तर पुरावा पक्का होतो. नाही केली म्हणून हक्क जात नाही. हक्क कुणाला द्यायचेच झाले तर कोणते, किती वर्षांसाठी, हे कागदावर लिहून द्यायचे. आणि हक्क दिले तरी लिहिणारा लिहिणाराच राहतो.

पुरावाही निघाला. ओवी लिहिली त्याच दिवशी स्वप्नालीनं वहीच्या पानाचा फोटो प्रतिक्षा या मैत्रिणीला पाठवला होता. तारीख त्यावर होतीच. वकीलबाईंनी कंपनीला नोटीस धाडली आणि विचारलं, ओवी पारंपरिक, मग तिच्यात लासुर्ण्याच्या गोजरबाई कशा आल्या? गोजर हे बाईचं नाव आहे, हेच त्या शहाण्यांना कळलं नव्हतं.

आठवड्याभरात खालची ओळ बदलली. 'गीत : स्वप्नाली तात्याबा कोळेकर'. त्या दिवशी मला अंगणात आणून वाजवलं. चाळीस वर्षांत इतक्या तोऱ्यात मी कधी वाजलो नव्हतो.

मित्रांनो, तुम्ही काही लिहिलंत, काढलंत, रचलंत तर खाली नाव आणि तारीख घाला. वाचल्याशिवाय सही करू नका. आणि हे कुणाचं असं कुणी विचारलं तर लाजू नका.

तात्याबांना मात्र धाकधूक होती. ती ओळ त्यांनी लेकीकडून तीनदा वाचून घेतली आणि बायकोला हळूच विचारलं, "देवाला राग यायचा न्हाय न्हवं?"

गोजरबाई म्हणाल्या, "बारशाला तिचं नाव आपुन देवाच्याच दारात ठिवलं की. ते काय झाकायला ठिवलं व्हय?"