जानेवारीतले पाच शब्द

डॉक्टर टेसाने हातातली यादी उलटी ठेवली आणि म्हणाली, "सांग आता. क्रम कसाही चालेल."

ओजसने डोळे मिटून घेतले. तिने एकामागून एक दहा शब्द वाचले होते, सावकाश, स्पष्ट आवाजात. बाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"लॅडर," तो म्हणाला. "बटर. टेंट. कोट." मग बराच वेळ गेला. "रिव्हर."

पुढे काहीच येईना. एखादी गोष्ट आपण विसरलो तर निदान काहीतरी विसरलोय एवढं तरी आपल्याला जाणवतं, ती जिभेच्या टोकाशी घुटमळते. इथे तसंही नव्हतं. टेसाने पाचच शब्द वाचले आणि ती थांबली, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तर त्याने मान्य केलं असतं.

टेसाने लॅपटॉपवर जुनी नोंद उघडली. "पाच. जानेवारीतही पाचच होते. तोल बरोबर, उलटे महिने बरोबर, डोकं दुखत नाही म्हणतोस." ती हसली. "जसा होतास तसाच आहेस. शनिवारी खेळायला हरकत नाही."

ओजसने तिचे आभार मानले, जाकीट उचललं आणि तो बाहेर आला. कॉरिडॉरमध्ये त्याने ते शब्द पुन्हा बोटांवर मोजले. पाचच.

आणि जानेवारीतले ते पाच शब्द तर खोटे होते.

रग्बीत डोक्याला मार बसणं नवीन नाही. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची परीक्षा घेतात. शब्द आठवायचे, डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत उलटे महिने म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. ठणठणीत असताना तुमचं डोकं कसं चालतं याची ही नोंद. पुढे मार लागला की तीच परीक्षा पुन्हा, आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवून ठरवायचं, हा माणूस खेळू शकतो की नाही. पद्धत चांगली आहे. पण ज्याला बाहेर बसायचं नाही तो काय करतो? जानेवारीतच थोडा ढ होतो.

ही युक्ती ओजसला ब्रॉडीने शिकवली होती. ओजस टोरोंटोच्या या व्यावसायिक क्लबात नवा आला तेव्हा ब्रॉडी कर्णधार होता. "फार हुशारी दाखवू नकोस, प्रोफेसर," त्याच्या कानाशी लागून ब्रॉडी म्हणाला होता. "आज दहा सांगितलेस तर वर्षभर दहाच सांगावे लागतील." प्रोफेसर हे नाव ओजसला त्याच्या स्मरणशक्तीमुळेच पडलं होतं. तेव्हापासून चार जानेवारी ओजसने दहाही शब्द मनात लख्ख दिसत असताना पाच सांगितले होते, आणि उरलेले पाच गिळताना त्याला हसू आवरावं लागलं होतं.

आज त्याने काहीच गिळलं नव्हतं. जीव तोडून प्रयत्न केला होता, आणि ज्या पायरीवर तो खोटंखोटं उतरून दाखवायचा त्याच पायरीवर तो खरोखर येऊन उभा होता. हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

बारा दिवसांपूर्वी प्रतिस्पर्ध्याला पाडताना त्याचा गुडघा ओजसच्या कानशिलावर बसला होता. फार काही वाटलं नव्हतं, थोडं पांढरं दिसलं इतकंच. आणि ब्रॉडीचं म्हणाल तर तो आता निवृत्त आहे, अडतीस वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात बार्बेक्यूला आला तेव्हा त्याने ओजसला तासाभरात तीनदा विचारलं, तुझी मुलगी आता केवढी झाली. पहिल्या दोन वेळा सगळे हसले.

परीक्षेनंतरच्या सरावात तर सगळं उघडच पडलं. ओजस हुकर. चेंडू रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ रांगा करून समोरासमोर उभे राहतात आणि हुकरने रेषेवरून चेंडू आपल्या माणसाकडे फेकायचा. कुणाकडे, ते एका सांकेतिक शब्दात ठरतं. असे चाळीस संकेत, आणि दर आठवड्याला त्यातले काही बदलायचे. कर्णधाराने संकेत ओरडून सांगितला. ओजसने तो नीट ऐकला, चेंडू डोक्यावर नेला आणि रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या माणसाकडे फेकला. उडी मात्र सर्वांत मागच्याने मारली होती.

"प्रोफेसर, चष्मा घरी राहिला का?" कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. या वेळी सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले, आणि ते जास्त वाईट होतं. प्रशिक्षक जवळ आला. "दुसरा हुकर जायबंदी आहे, तुला माहीत आहे," तो म्हणाला. "शनिवारी तू नसशील तर माझ्याकडे कुणीच नाही. झोप काढ जरा."

ओजसने मान डोलावली. या धंद्यात मान डोलवायची सवय लवकर लागते.

स्कारबरोतल्या घरी तो पोहोचला तेव्हा साडेचार झाले होते. त्याची आई सुरेखाबाई स्वयंपाकघराच्या टेबलाशी श्रावणीला घेऊन बसली होती. सुरेखाबाईंनी पुण्यात अठरा वर्षं शाळेत शिकवलं आणि इथे आल्यावर दर रविवारी लायब्ररीच्या खोलीत मुलांना मराठी शिकवायला घेतलं. सात वर्षांच्या नातीला शिकवायला तर त्यांना वार लागत नसे.

"ये, बरा आलास," त्या म्हणाल्या. "आम्ही बाजार-बाजार खेळतोय. एकेकाने एकेक वस्तू वाढवायची आणि आधीच्या सगळ्या म्हणायच्या. मराठीत."

"बाबा, यू गो आफ्टर मी," श्रावणी म्हणाली. "आजी चीट्स."

"मी कशाला चीट करू? तूच तूप म्हणायच्या जागी बटर म्हणालीस."

"सेम थिंग."

"सेम कशी? तुझ्या पोळीला बटर लावून देऊ का उद्या?"

ओजस बसला. पहिल्या फेरीत कांदे, गूळ, पोहे. दुसऱ्या फेरीत त्यात तूप आलं, साबण आला, मेथी आली. मग श्रावणीने दोन्ही हातांच्या बोटांवर मोजत सातच्या सात म्हणून दाखवल्या, शेवटी झाडू जोडून. ओजसची पाळी आली.

"कांदे, गूळ, पोहे, तूप, साबण," तो म्हणाला.

दोघी वाट पाहत राहिल्या.

"बाबा, यू फरगॉट मेथी. अँड झाडू. आय जस्ट सेड झाडू."

"हो की," ओजस म्हणाला. "हरलो."

"अगेन," श्रावणी म्हणाली. पुन्हा डाव मांडला. नव्या वस्तू, नवा क्रम. ओजसने टेबलाची कड घट्ट धरली आणि प्रत्येक वस्तू मनातल्या मनात दोनदा म्हटली. पाचव्यानंतर वाट संपली. तिसऱ्या डावातही तेच. श्रावणी जिंकल्याच्या आनंदात उड्या मारत बेसमेंटमध्ये टीव्ही लावायला गेली.

"तिला असं मुद्दाम जिंकू देऊ नये रे," सुरेखाबाई भाजीची जुडी सोडता सोडता म्हणाल्या. "मुलांना कळतं. आणि मग त्यांना जिंकण्याची मजा वाटेनाशी होते."

ओजसने टेबलावर पडलेली पानं एकत्र केली.

"काय म्हणते मी?"

"मी नाही दिलं जिंकू, आई."

सुरेखाबाईंनी जुडी खाली ठेवली. शिकवण्यात उभी हयात गेलेल्या त्या बाईला हे न सांगताही कळायला हवं होतं, आणि खरं तर दुसऱ्याच डावाला कळलं होतं. मुद्दाम चुकणारं मूल चुकताना बाईंच्या तोंडाकडे बघतं, पकडले तर जाणार नाही ना म्हणून. ज्याला खरंच येत नाही ते कुठेच बघत नाही. ओजस तीनही वेळा कुठेच बघत नव्हता. पण काही गोष्टी कळल्या तरी माणूस आधी दुसरंच काहीतरी बोलून पाहतो.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मग त्याने सांगितलं. गुडघा, आजची परीक्षा, जानेवारी, त्याआधीच्या तीन जानेवारी. बोलताना तो खालच्या आवाजात बोलत होता, जणू श्रावणीनेच नाही तर स्वतःच्या डोक्यानेही ते ऐकू नये.

"म्हणजे तुला दहा येत होते आणि तू पाच सांगून आलास," सुरेखाबाई म्हणाल्या. "माझा मुलगा."

"सगळेच करतात गं."

"आणि डॉक्टर म्हणतेय खेळ."

"हो. शनिवारी."

"पुन्हा तिथेच लागलं तर?"

या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं. एक दुखापत बरी होण्याआधी दुसरी बसली तर काय होतं याचे व्हिडिओ क्लब दरवर्षी दाखवतो. ओजस हाताच्या नखांकडे बघत राहिला. "मी सांगितलं तर शनिवार जाईल, कदाचित हंगाम जाईल," तो म्हणाला. "कदाचित सगळंच. मी एकतीस वर्षांचा आहे, आई. शाळेपासून मी दुसरं काही केलेलं नाही."

सुरेखाबाईंनी त्याला काही समजावलं नाही. उठून त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, एवढंच.

सात वाजता अक्षता ऑफिसमधून आली. नवऱ्याचं सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "मागच्या वर्षीसुद्धा खोटं होतं?" तो हो म्हणाला. तिने टेबलावरची त्याच्या गाडीची किल्ली उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

म्हणून दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी क्लबपर्यंत गाडी सुरेखाबाईंनी चालवली. एक्झिट येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या सिग्नल देत होत्या. पार्किंगमध्ये गाडी थांबल्यावरही ओजस पाच मिनिटं पट्टा न काढता बसून राहिला. त्याला वाटत होतं, अजूनही परत फिरता येईल. सरावाला गेलो, शनिवारी नीट खेळलो, महिन्याभरात सगळं आपोआप ठीक झालं, तर कुणाला काय कळणार आहे?

"मी येऊ आत?" आईने विचारलं.

"तू बाहेर बाकावर बस. लागलं तर बोलावतो."

टेसाने त्याचं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, आणि त्याचीच त्याला धास्ती वाटली. तिने फोन उचलून प्रशिक्षकाला ओजसचं नाव शनिवारच्या यादीतून काढायला सांगितलं. मग लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. चार वर्षांच्या चार नोंदी, चारही ठिकाणी पाच.

"मला मदत कर," ती म्हणाली. "तू खरा कसा होतास ते मला कसं कळणार?"

ओजसला प्रश्न नीट समजला नाही.

"तुझं किती नुकसान झालंय ते मोजायला आधी किती होतं ते लागतं. ते माझ्याकडे नाही. तू ते कधी मला दिलंच नाहीस. कालचे पाच वाईट आहेत एवढं मला आता कळतंय. किती वाईट, ते नाही."

ओजसने चारही नोंदी वरून खाली पुन्हा वाचल्या. आतापर्यंत त्याला वाटत होतं की त्याने डॉक्टरांना फसवलं. आपल्या पहिल्या, धडधाकट डोक्याची जगात एकच नोंद होऊ शकली असती, आणि ती आपण चार वर्षं हसत हसत पुसत आलो, हे त्याच्या ध्यानात आता आलं.

"तुला आधीपासून ओळखणारं कुणी आहे?" टेसाने विचारलं. "बरोबर कुणी आलंय?"

सुरेखाबाई आत आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. टेसा म्हणाली, मुलाच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या गोष्टी सांगा, लहानसहानच, पण त्याला आठवायलाच हव्यात अशा. आणि ओजस, तू फक्त हो किंवा नाही म्हण.

सुरेखाबाईंनी आपल्या सावकाश, शाळेतल्या इंग्रजीत सुरुवात केली. बर्फ शोव्हल करताना शेजाऱ्याची पत्रपेटी मोडली, ते सांगितलं. ओजस हसला. हो. श्रावणीचा पहिला दात पडून सफरचंदात अडकला, ते सांगितलं. हो. टेसा लिहीत होती.

"आणि मागच्या ऑक्टोबरात आम्ही ब्रॉसार्डला गेलो होतो," सुरेखाबाई म्हणाल्या. "याच्या जनार्दनकाकांकडे पूजेला. सहा तास हाच गाडी चालवत होता. तिथे काकांना जिना चढवेना, तर याने त्यांना पाठीवर घेतलं आणि वरच्या देवघरात नेलं. काका पाठीवरून ओरडत होते, अरे पाडशील. सगळे इतके हसलो की आरती तशीच राहिली."

त्या बोलताना हसत होत्या. ओजसही हसायला लागला, कारण आई हसत होती. त्याने काकांचा चेहरा आठवला. काकांचं घर आठवलं, पण ते लहानपणी पाहिलेलं. जिना आठवून पाहिला. पाठीवरचं वजन आठवून पाहिलं. एका माणसाचं वजन, ते तर अंगाला आठवायला हवं. त्याचा सगळा धंदाच दुसऱ्यांची वजनं अंगावर घेण्याचा.

तिथे काहीच नव्हतं.

टेसाचं पेन थांबलं होतं. त्याची मान आपोआप हलायला निघाली, होकारासाठी, नेहमीसारखी. ओजसने ती थांबवली. आईकडे बघायचं त्याने टाळलं, तरी तिचं हसू हळूहळू थांबत गेलेलं त्याला कळलं.

"नाही," तो म्हणाला. "आई, मी ब्रॉसार्डला आलो होतो हेच मला आठवत नाही."

टेसाने ते लिहून घेतलं. मग पान उलटलं आणि म्हणाली, "चालेल. पुढची गोष्ट सांगा."

सुरेखाबाईंनी ओजसचा हात हातात घेतला आणि पुढची गोष्ट सांगायला सुरुवात केली.